बोटाखालची ओवी

“साहेब म्हणले व्हते, दशांश दिला की देव आकाशाचं कपाट उघडतो. माझं कवा उघडायचं?”

बुधवारच्या घरप्रार्थनेत मावशीनं हे विचारलं, तेव्हा पोरं फिसकन हसली आणि मोठी माणसं चटईच्या काड्या मोजू लागली. नवे पाळक अवघे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, पुण्याहून धर्मशास्त्र शिकून नुकतेच आलेले. त्यांनी घसा साफ केला, “आपण प्रार्थना करू या” म्हणाले आणि प्रार्थना केली. उत्तर तसंच राहिलं.

कपाटाचं आधी सांगतो. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातली दहावी ओवी, दशांशाची, न ऐकलेला माणूस आमच्या मंडळीत सापडायचा नाही. आमच्या मराठी शास्त्रात तिथं ‘आकाशकपाटे’ असा शब्द आहे. कपाट म्हणजे दार; संस्कृतातला जुना अर्थ. मावशीला अक्षर येत नाही. तिनं जवळून पाहिलेलं कपाट एकच, सोसायटीच्या चेअरमनच्या घरातलं, लोखंडी, आरसा लावलेलं. त्या घरी ती बावीस वर्षं भांडी घासत होती. मागच्या पाळकसाहेबांना हा घोटाळा चांगला ठाऊक होता. त्यांनी तो सोडवला नाही, वापरला. व्यासपीठावरून ते हवेत किल्ली फिरवून दाखवायचे, खट्ट असा आवाजही काढायचे आणि म्हणायचे, किल्ली तुमच्याच हातात आहे.

साहेब २०१४ साली आमची मंडळी सोडून पुण्याला गेले, पण त्यांची वाक्यं गेली नाहीत. कमिटीत वाद झाला की कुणीतरी म्हणणारच, “साहेब म्हणायचे...” आणि वाद मिटायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची गोष्ट फार सोपी होऊन जाईल. माझे वडील नगरच्या दवाखान्यात होते तेव्हा साहेब तीन रात्री बाकावर झोपले होते. आवाज असा की माइकची गरज नाही. नाताळात दारोदार जाऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे. अशा माणसानं सांगितलेली ओवी खोटी कशी वाटेल? आणि ओवी खोटी नव्हतीच. तिथंच तर सगळी गोम होती.

त्यांची एक लकब होती. उपदेशाला उभे राहिले की म्हणायचे, “काढा मार्क बारा, बेचाळीस. बोट ठेवा ओवीवर.” दोनशे बोटं दोनशे पानांवर टेकायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं बोट शेजारचा धरून ठेवून द्यायचा. मला ते दृश्य फार आवडायचं. एक मंडळी, एक बोट.

२०१२-१३चा दुष्काळ आमच्याकडचं माणूस विसरणार नाही. गावात टँकर, माळावर जनावरांची छावणी, विहिरीच्या तळाला भेगा. त्या वर्षी मार्च महिन्यात साहेबांनी त्या गरीब विधवेवर उपदेश केला, जिनं मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. साहेब म्हणाले, दुष्काळ बाहेर नाही, तो आपल्या मुठीत आहे. पुढच्या रविवारी मावशी आली ती पदराला गाठ मारून. गाठीत तिच्या आईची बोरमाळ. नवरा गेल्यावरही तिनं ती विकली नव्हती, पोरगं आजारी पडलं तेव्हाही नाही. ती तिनं दानाच्या ताटात ठेवली. साहेबांनी तिला पुढं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी तेव्हा खजिनदार होतो, अजूनही आहे.

आता मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भांडी घासताना कपबशा फुटायला लागल्या, म्हणून कामही सुटलं.

प्रार्थनेहून मी तडक आत्याकडे गेलो. आत्या ८२ वर्षांची, आयुष्यभर मिशनच्या शाळेत शिकवलेली, गावाच्या कडेला एकटी राहते. तिच्याकडे एक जाडजूड बायबल आहे, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं, आणि १९२४ साली ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. हे केडगाव दौंडकडचं, आमच्या नगरला चिकटलेलं नव्हे. दरवेळी सांगावं लागतं. आत्याची आई १९००च्या दुष्काळात पाच वर्षांची पोर म्हणून तिथं पोहोचली आणि मोठी होऊन त्याच छापखान्यात खिळे जुळवायला बसली. पुढं मिशनच्या एका मास्तराशी लग्न करून ती आमच्या भागात आली.

“आत्या, मावशीनं आज असं विचारलं,” मी म्हणालो.

आत्यानं ऐकून घेतलं. “मार्क बारा काढ.”

मी काढलं. सवयीनं बोट बेचाळीसवर गेलं.

“बोट उचल.”

“का?”

“बोटाखाली काय झाकलंय ते बघ. वरून वाच. अडतीसपासून.”

मी वाचलं. तिथं प्रभू शास्त्र्यांपासून जपून राहायला सांगतो. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, मानाच्या जागी बसणारे. आणि चाळिसाव्या ओवीत, विधवेच्या दोन टोल्यांच्या अगदी डोक्यावर, हेच लोक विधवांची घरं गिळतात आणि वर लांब लांब प्रार्थना करतात, असं सरळ लिहिलेलं.

मी थांबलो.

“आता खाली जा. अध्याय संपला म्हणून थांबू नकोस.”

तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला एक शिष्य मंदिराचे मोठमोठे दगड पाहून हरखतो, आणि प्रभू म्हणतो की यातला एकही दगड दगडावर राहणार नाही. म्हणजे वर विधवांची घरं गिळणारे, मध्ये शेवटचा पैसा टाकणारी विधवा, आणि खाली तो पैसा जिथं गेला त्या मंदिराची पडझड. प्रभूनं विधवेकडे बोट दाखवलं ते कौतुकानं दाखवलं असेल, तसंच काळजात कळ येऊनही दाखवलं असेल. पण मधलीच ओवी उचलली की उरते फक्त वर्गणीची पावती.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो, तेव्हा हे मला माहीत असायला हवं होतं. शास्त्रात अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडच्या स्टीफन लँग्टननं असं मानतात. नव्या करारातले आजचे ओव्यांचे आकडे आले १५५१ साली, रोबेर एतिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाकडून. शोधायला सोपं जावं म्हणून. मार्कनं लिहिलं तेव्हा बारा संपून तेरा सुरू होत नव्हतं; माणूस मंदिरातून बाहेर पडतो तसं लिखाण बाहेर पडत होतं. आम्ही शोधायच्या खुणांची कुंपणं करून टाकली.

“मलाखीचंही तसंच,” आत्या म्हणाली. “दहावी पाठ आहे ना? पाचवी वाच.”

फक्त पाच ओव्या वर. मजुराची मजुरी दाबणारे, विधवेला आणि पोरक्याला छळणारे, परक्याचा हक्क बुडवणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला येतो. आणि तो दशांश होता तरी कशाला? आत्यानं अनुवाद या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढायला लावला. तिथं दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेव्यासाठी, परक्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी, त्यांनी पोटभर खावं म्हणून. मावशी देणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. शास्त्रानं तिला घेणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“आईनं. ती म्हणायची, उपदेश करणाऱ्याला आवडती ओवी असते, खिळे जुळवणाऱ्याला नसते. प्रत्येक ओवी एकेक खिळा लावून उभी करावी लागते. वरची लावल्याशिवाय खालची येत नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “सैतानानंही प्रभूला शास्त्रातूनच ओवी काढून दाखवली होती, मंदिराच्या टोकावर उभं करून. ओवी खरी होती की.”

त्या रात्री मला झोप नाही. माझा पणजा वेशीबाहेरचा. त्याला अक्षर शिवू देत नव्हते. १८३१मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले, पुढं त्यांच्या शाळा खेड्यापाड्यांत पसरल्या, त्यातल्या एकीत तो पाटी घेऊन बसला आणि घरी येऊन त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं ते शुभवर्तमान. घरातले सगळे ऐकायला गोळा झाले, असं अजून सांगतात. दुसऱ्याच्या तोंडून देव ऐकायचा नाही, आपल्या डोळ्यांनी वाचायचा, एवढ्यासाठी त्या माणसानं गाव अंगावर घेतलं. आणि त्याचा एम.ए. बी.एड. झालेला पणतू रविवारी बोट ठेवून बसत होता.

राग आला की मास्तर माणूस लिहितो. मी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. यहेज्केलचा चौतिसावा अध्याय घातला, कळपाऐवजी स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांचा. याकोबाच्या तिसऱ्याची पहिली ओवी घातली, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल अशी. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची तीही घातली. पत्र वाचून दाखवायला आत्याकडे गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो.

आत्यानं डोळे मिटून ऐकलं. “छान लिहिलंस. आता याकोबाची दुसरी ओवी वाच.”

दुसऱ्या ओवीत याकोब म्हणतो, आपण सगळेच पुष्कळ चुकतो. ‘आपण.’ पहिल्या ओवीतही तो स्वतःला त्या शिकवणाऱ्यांतच धरतो.

“तूही शिकवणाराच ना रे?” आत्या म्हणाली. “बरं, यहेज्केल काढ. तू दहावर थांबलास. सतरापासून वाच.”

सतरापासून मेंढपाळ बाजूला राहतात आणि देव मेंढराचा न्याय मेंढराशी करायला बसतो. धष्टपुष्ट मेंढरं स्वच्छ पाणी पितात आणि उरलेलं पायांनी गढूळ करतात. दुबळ्यांना कुशीनं आणि खांद्यानं ढकलतात, शिंगं मारतात. आमच्या रानात सुगी झाली की धनगर मेंढरं बसवायला येतात, त्यामुळे हे काही मला समजावून सांगावं लागत नाही. कुंडाशी दांडगी आधी घुसतात.

“बोरमाळीची नोंद कुणी केली?” आत्यानं विचारलं.

मी गप्प बसलो. घरी आलो आणि वही काढली. मार्च २०१३. दान. दागिना, १ नग. वजन नाही, किंमत नाही, देणारीचं नाव नाही. अक्षर माझं, टपोरं, मुलांना फळ्यावर दाखवतो तसं. खाली माझी सही. ती नोंद करताना मला एकदाही वाटलं नव्हतं की आधी या बाईच्या घरातलं पीठ विचारावं. उलट, आमच्या गल्लीतून मी दिलेले पाचशे तिच्या बोरमाळीपुढे फिके पडले याचंच थोडं वाईट वाटलं होतं.

आणखी एक सांगायला हवं. मला मनातून वाटत होतं की पैसे साहेबांनी खाल्लेले निघावेत. मी फाईल उपसली. सोनाराची पावती होती. त्या पैशांत थोडी भर घालून ध्वनिक्षेपक घेतल्याचं बिलही होतं, मिक्सर आणि चार मोठे स्पीकर. ते सगळं वेदीच्या मागच्या खोलीत फडक्याखाली पडलेलं. पैशापैशाचा हिशेब लागत होता. मला जरा निराशाच झाली, आणि निराशा झाली म्हणून स्वतःची लाज वाटली.

पत्र टाकलं नाही. मत्तयाच्या अठराव्यात जात्याची तळी आहे तशी थोडं खाली दुसरीही एक गोष्ट आहे, की भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला एकांतात सांगावं. शनिवारी पहाटेची एसटी धरून पुण्याला गेलो. साहेबांची आता स्वतंत्र सेवा आहे, दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर त्यांचा फोटो. मला पाहून ते खरोखर आनंदले. स्वतः चहा केला. आत्याची, माझ्या पोरांची, एकेकाची नावानं चौकशी केली.

मी म्हणालो, “साहेब, आधी माझं सांगतो. बोरमाळीची नोंद माझ्या हातची आहे. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. आता एक वाचून दाखवाल का? मार्क बारा, अडतीसपासून तेराच्या दुसरीपर्यंत. मध्ये थांबू नका.”

त्यांनी वाचलं. तो आवाज, तीच फेक. चाळिसाव्या ओवीवर आवाज किंचित खाली आला, बेचाळीसवर पुन्हा चढला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“मास्तर, ही ओवी मला माहीत नव्हती असं वाटतं का तुम्हाला? सेमिनरीत मी यावर निबंध लिहिला होता. चांगले गुण मिळाले होते.”

“मग?”

“दुष्काळ होता. माणसं खचली होती. खचलेल्या माणसाला निबंध देऊन चालत नाही. त्याला एक ओवी लागते, मुठीत मावेल अशी.”

हे उत्तर मी आजही हलकं धरत नाही. मुठीत मावेल अशा एका ओवीवर माझी आई वडिलांच्या मागं अकरा वर्षं जगली.

“पण साहेब,” मी म्हणालो, “मुठीत ओवी ठेवली तेव्हा मुठीतली बोरमाळ आपण काढून घेतली.”

“मी स्वतःसाठी काही घेतलं नाही.”

“नाही घेतलंत. पावत्या मी पाहिल्या.”

“मग तक्रार काय आहे?”

“तिनं विचारलंय, माझं कपाट कधी उघडणार. मी तिला काय सांगू?”

खालच्या दुकानात कुणीतरी शटर ओढत होतं. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या सवयीनं म्हणाले, “प्रार्थना करू या.” प्रार्थना लांबली. जन्मात पहिल्यांदा मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले, आणि पाहतो तर साहेबांचेही उघडेच होते. शब्द चालू होते आणि नजर समोरच्या पानावर. नजरानजर झाली तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. जिना उतरताना मागून त्यांनी विचारलं, “मावशीच्या डोळ्यांचं काही झालं का?” म्हणजे त्यांना ते कळलेलं होतं. कुणाकडून, ते मी विचारलं नाही.

कमिटीची सभा व्हायची तशी झाली. मी म्हणालो, ध्वनिक्षेपक विकू आणि मावशीचं ऑपरेशन करू, आणि पुढच्या अंदाजपत्रकात विधवा व पोरक्यांसाठी एक वेगळी ओळ टाकू. ज्येष्ठ पंच उठले. “साहेबांनी आणलेल्या वस्तूला हात लावायचा? अभिषिक्ताला हात लावू नका असं लिहिलंय.” सभा थिजली. ही ओवी म्हणजे आमच्याकडे कुलूप. मी स्तोत्र १०५ काढलं आणि बारापासून वाचलं. तिथं संख्येनं थोडकी, परकी, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकणारी माणसं आहेत, अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची बिऱ्हाडं. आणि देव राजांना दटावतोय की यांच्या वाटेला जाऊ नका. म्हणजे ही ओवी राजाला दिलेली ताकीद आहे, पालावरच्या माणसाच्या बाजूनं. आमच्या गावात पालावरचा माणूस कोण आणि राजा कोण, हे ज्याचं त्यानं बघावं. दावीद तर तेल ओतून अभिषेक केलेला राजा होता, तरी नाथान संदेष्ट्यानं त्याच्यापुढं उभं राहून गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि तो माणूस तूच आहेस म्हणून सुनावलं.

“तुम्ही आता पाळकापेक्षा शहाणे झालात का?” पंच म्हणाले.

इतका वेळ गप्प असलेले नवे पाळक तेव्हा बोलले. चेहरा लाल झाला होता. म्हणाले, “बिरुयातले लोक पौल सांगतो ते खरं आहे का म्हणून रोज शास्त्र धुंडाळत होते. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना त्याबद्दल भले म्हटलंय, उद्धट नाही. मलाही विचारत जा. बुधवारी मावशींनी विचारलं आणि मी प्रार्थनेच्या आड लपलो.”

ठराव एका मताच्या फरकानं झाला. पंच आणि त्यांचं घर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मंडळीत जायला लागलं. मिक्सर आणि स्पीकर मंडपवाल्यानं पडत्या भावात घेतले.

राहिली मावशी. तिला सांगायला मी गेलो तेव्हा ती ओट्यावर ज्वारी निवडत होती, बोटांनीच, डोळ्यांनी नव्हे. मी कपाट म्हणजे दार इथपासून सुरुवात केली. वरची ओवी सांगितली, खालची सांगितली, दशांश कुणासाठी होता ते सांगितलं. ती ऐकत राहिली, हात चालूच.

“हे तवाच लिहिलेलं व्हतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन तुला वाचता येत व्हतं?”

“हो, मावशी.”

“मंग तवा का न्हाई बोललास?”

मी चार पानी पत्र लिहिलं होतं, पुण्याला जाऊन आलो होतो, सभेत भाषण केलं होतं. या प्रश्नाला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

तिनं सुपातला खडा चाचपून बाहेर टाकला. “बोरमाळ गेली त्याचं न्हाई रं. सोनं काय, आज हाये, उद्या न्हाई. पर दोन वर्सं मी म्हणत व्हते, समद्यांची कपाटं उघडत्यात, माझंच न्हाई, म्हंजी माझाच इस्वास थोडा. रातच्याला उठून बसायचे. म्हणायचे, देवा, आजून काय देऊ? घरात तर काय बी न्हाई.”

ही रक्कम माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. हंगामाच्या सणाला ती काळा चष्मा लावून पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसली. वेदीपुढं कणसं, भोपळे, ऊस, कोंबड्या बांधलेल्या टोपल्या. शास्त्रवाचनाची पाळी माझी. करिंथकरांस दुसरं पत्र, नववा अध्याय, सातवी ओवी, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो ती. सणाला दरवर्षी हीच वाचतात आणि मग ताट फिरतं. मी बायबल उघडलं, बोट ठेवलं, घसा साफ केला.

“मास्तर,” पुढच्या बाकावरून आवाज आला, “जरा वरून वाचा की.”

चर्चमध्ये चुळबुळ झाली. मी पानाकडे पाहिलं. हे देणं यरुशलेममधल्या गरिबांसाठी होतं. त्याची गोष्ट आठव्या अध्यायात सुरू होते, आणि तिथं पौल बजावतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढाताण असं व्हायला नको, समानता हवी.

“किती वरून, मावशी?”

“मला काय ठावं?” ती म्हणाली. “वाचता तुला येतं.”

मी बोट उचललं आणि पान मागं उलटलं.